थेंब धरेपर्यंत

मी एक जुना संगणक आहे. प्रयोगशाळेतल्या ताईंनी दोन मोडक्या संगणकांचे धड भाग जुळवून मला उभं केलं. त्यामुळे माझी एक बाजू पांढरी, दुसरी करडी. शेजारी नवे संगणक आले तेव्हा लोक मला 'ठिगळराव' म्हणू लागले. म्हणोत बापडे!

मित्रांनो, माझं काम मोठं मौजेचं. माझ्या पोटात एक काल्पनिक पेटी असते आणि तिच्यात नुसते गोळे, वायूच्या रेणूंच्या जागी. जवळ आले की ते एकमेकांना ओढतात, फारच खेटले की ढकलतात. एवढ्यावरच त्यांची कधी वाफ होते, कधी द्रव. ताईंचं म्हणणं होतं, अमुक इतक्या थंडाव्याला वाफेत थेंब धरतो. त्यांचे सर म्हणत, नाही धरत. ताई चुकल्या असत्या तर त्यांचा पीएचडीचा सगळा प्रबंध नव्यानं लिहावा लागला असता.

ताईंचा एक नेम होता, व्रतासारखा न मोडणारा. प्रत्येक गणित त्या दोनदा लावत. एकदा गोळे विखरून, एकदा दाटीवाटीनं रचून. दोन्हींचा शेवट सारखा आला तरच त्यावर विश्वास. या वेळी विखुरलेले विखुरलेलेच राहिले आणि रचलेले रचलेलेच. सरांनी पहिलं, थेंब न धरल्याचं उत्तर खरं धरलं आणि मला बंद करायला सांगितलं.

"सर, हे अजून शिजलेलं नाही," ताई हळूच म्हणाल्या.

"अगं, थेंब धरायच्या आधी हे खोकंच वितळेल."

खोटं नव्हतं ते. पंखा धुळीनं घरघरत होता, माझं अंग भाजत होतं. ताईंनी चाललेलं गणित जपून ठेवलं, रंगाच्या ब्रशनं पाती झाडली आणि थांबलो होतो तिथूनच मला पुन्हा चालू केलं.

मग मीही हट्टाला पेटलो. चार गोळे जमत, फुटत. पुन्हा जमत, पुन्हा फुटत. थेंब फार लहान असला की त्याचा टिकाव लागत नाही. एका दुपारी मात्र एक झुबका मोडलाच नाही. बघता बघता बाकीचे गोळे त्याला येऊन चिकटले. दाटीवाटीनं रचलेल्या दुसऱ्या पेटीतल्या गर्दीतूनही काही गोळे सुटून वाफ झाले होते. दोन्हीकडे आता एकच चित्र, मधे थेंब आणि भोवती वाफ.

सरांनी दोन्ही पेट्या पडद्यावर शेजारी शेजारी लावून पाहिल्या. "घाई मी केली गं. लिही तू. दोन्ही सुरुवाती दाखव."

मला भंगारात काढायचं ठरलं होतं, ते सरांनीच रद्द केलं. मित्रांनो, यंत्र म्हातारं झालं म्हणून त्याच्यावर धूळ साचू देऊ नका आणि उत्तर लवकर येत नाही म्हणून काम अर्ध्यावर सोडू नका. आज माझ्याकडे नवी पेटी आली आहे. तिच्यात अजून काहीच जमलेलं नाही. मी थांबणार नाही.