नीराबाई बेटावर उतरते

लाईफ जॅकेटचा प्लास्टिकचा खटका काही केल्या बसत नव्हता — कोटावरून घेतलेल्या पदरात अडकत होता — आणि नीराबाई तो अंगठ्याने दाबत राहिली, चिडून, कारण मागून लेक तेच तेच बोलत होती.

"आय, बोटीवरूनच बघ ना. गुडगा केवढा सुजलाय गो. पेंग्विन इथूनपन दिसतान."

दिशा याच बोटीवर नोकरीला; तिच्यामुळेच आईला या दक्षिण ध्रुवाकडच्या बेटांची फेरी घडली होती. आजचं बेट शेवटचं. आज राहिलं ते राहिलंच. आणि वरून बघायचं म्हणजे काय? जन्मभर काठावरून बघितलं, तेवढं पुरे नाही झालं?

बाईचा पाय लागला की मासळी पळते, म्हणून नवऱ्याने, भिकूने, तिला घरच्या होडीत कधी चढू दिलं नाही. मांडव्याच्या प्रवासी लाँचमध्ये मासळी विकायला टोपली घेऊन बसलेली मात्र दर्याला चालायची — तिकीट काढलं की विटाळ फिटत असावा! चाळीस वर्षं त्याने आणलेले बोंबील तिने वाळवले, त्यांच्यावरचे कावळे-घारी हाकलल्या, आणि तो आला की विचारलं, आत काय दिसलं? "पानी. दुसरं काय असनार?" खोटारडा... माणूस जाऊन दोन वर्षं झाली, तरी राग जात नाही.

खटका बसला.

"मना नको शिकवू. गुडगा माजा हाय," म्हणत ती शिडीवरून रबरी होडीत उतरली. कळ मस्तकात गेली. तिने ती दातांखाली दाबली. दिशा मागोमाग आली.

बेटावर पाय टेकताच वास आला. बाकीच्यांनी नाकाला रुमाल लावले. हिने छाती भरून घेतला — वाळत्या मासळीचा, घरचाच वास. पेंग्विन पाण्यातून उड्या मारत खडकावर येत होते, ओले, पोटभर खाऊन, माणसांच्या मधूनच वाट काढत... नर कोण, मादी कोण, कुणी विचारत नव्हतं. डोक्यावरून एक थोरला पांढरा पक्षी पंख न हलवता गेला आणि तिचा हात सवयीने हाकलायला वर उठला. इथे कुणाची मासळी राखायची आहे मला? हात तसाच हवेत राहिला आणि तिला हसू फुटलं.

भिकू असता तर... आलं मनात, आणि तिने ते तिथेच अडवलं. नाही. तू नकोस इथे. अख्खा दर्या तुझा होता, त्यातलं ओंजळभर मला सांगितलं नाहीस. आता हे मी तुला सांगणार नाही. डोळे भरून आले होते. वाऱ्याने म्हणावं, तर वारा पाठीमागून होता. "आय, चल," दिशा म्हणत होती, आणि नीराबाई हलत नव्हती; त्याला न सांगायची एकेक गोष्ट ती नीट, सावकाश बघून घेत होती.