परक्यांसमोरची भाषा

अमेरिकेत शॉमबर्गला आमच्या शेजारी ओल्हा राहायची, कीवहून आलेली. तिचा देश स्वतंत्र होऊन पाच वर्षं झाली होती. तिच्या आईला मी मावशी म्हणायचे. मायलेकी युक्रेनियन बोलायच्या. पण मी दारात दिसले की मावशींचा सूरच बदलायचा.

"मला बघून काय बदलतात गं?" मी ओल्हाला वैतागून विचारलं.

"रशियन सुरू करते. तिकडे दुकानात युक्रेनियन बोललं की लोक म्हणायचे, माणसांच्या भाषेत बोल. आता परकं माणूस दिसलं की तिची जीभ आपोआप वळते."

मला रागच आला. मला दोन्हीतलं ओ की ठो कळत नाही, मग भीती कुणाची? "मावशी, बिनधास्त बोला," मी दरवेळी सांगायचे. त्या हसायच्या आणि रशियनमध्येच चहा विचारायच्या.

मार्चमध्ये मावशींना हॉस्पिटलमध्ये ठेवलं. ओल्हाने नंतर सांगितलं, शेवटच्या दिवशी ती उशाशी बसून युक्रेनियनमध्ये 'काहीतरी बोल' म्हणून विनवत होती. मावशींनी डोळे उघडले, सलाइन बदलणाऱ्या मेक्सिकन नर्सकडे पाहिलं आणि लेकीला जे सांगायचं ते रशियनमध्ये सांगितलं.

नर्स बाहेर गेली, तोवर मावशीही गेल्या होत्या.