जेरेच्या घरचं लग्न

झोंडानी जेरे या पुढाऱ्याला म्विला कपासा या बाईने दोनदा निवडून आणलं होतं. भाषणं तिची, घोषणा तिच्या, चिखलात रुतलेली प्रचाराची गाडी ढकलायलाही तीच पुढे. मग जेरे मंत्री झाला, राजधानीत, लुसाकाला राहायला गेला आणि मुकोबे गावच्या नदीवरचा पूल भाषणातच राहिला. म्विलाने आधी समजावलं, मग ती भांडली आणि शेवटी पक्ष सोडून त्याच्याच विरोधात उभी राहिली.

उभी राहिली खरी, पण बोलू कोण देतंय? सभेला परवानगी मागितली की ठाण्यातून ठरलेलं उत्तर यायचं, बंदोबस्ताला माणसं नाहीत. बाजारात चार बायकांशी बोलत थांबली तरी पोलीस येऊन पांगवायचे.

ऐन प्रचारात जेरेच्या मुलीचं लग्न निघालं आणि म्विलाला आमंत्रण आलं. ते यायचंच होतं. जेरे न्गोनी, म्विला बेंबा. या दोन जमातींचं जुनं वैर कधीच थट्टेत विरघळून गेलं होतं. लग्न असो की मयत, एकाने दुसऱ्याच्या दारात जाऊन यथेच्छ टर उडवायची आणि समोरच्याने ती हसून घ्यायची. रागावला तो हरला.

"जाऊ नकोस," तिचा नवरा काटोंगो म्हणाला. "तिथे सगळी त्याचीच माणसं."

"म्हणून तर जायचं. एवढी मोठी सभा मला कोण भरवून देणार?"

मांडवात शिरली ती थेट वधूपित्याच्या खुर्चीत जाऊन बसली.

"ऊठ, माझी जागा आहे ती," जेरे म्हणाला.

"माहीत आहे. कशी वाटते ते बघतेय."

मांडवभर हशा पिकला. कोंबडीची तंगडी चघळणारे ठाण्याचे साहेबही हसले, मग मंत्र्यांकडे बघून गप्प झाले.

"माकडं खाणाऱ्या बेंबांना झाडाची सवय," जेरे म्हणाला. "खुर्चीवरून पडशील."

"आणि उंदीर खाणाऱ्या न्गोनींची नजर कायम बिळात. नदीवर पूल नाही हे तुला दिसणार कसं?"

"पूल बांधतो, हे भाषण कुणी लिहून दिलं होतं गं?"

आता हशा तिच्यावर उलटला. म्विलाचे कान तापले, कारण बोलणं खरं होतं.

"मीच लिहिलं," ती म्हणाली. "मला वाटलं, वाचणाऱ्याला अर्थही कळतोय."

जेरेची म्हातारी आत्या हसता हसता ठसकली. म्विला उठली, खुर्ची कमरेच्या कापडाने पुसून तिने जेरेपुढे सरकवली आणि आवाज खाली आणला. "नवऱ्या मुलाची आजी सकाळी होडीतून आली. उतरताना मी तिला हात दिला. म्हणाली, पावसाळ्यात आमची सून माहेरी यायची कशी? मी म्हटलं, मुलीच्या बापाला विचारते. तू बघ उत्तर देता येतं का."

कुणी हसलं नाही. जेरेने मुलीकडे पाहिलं. ती मान खाली घालून बसली होती. मग तो हसला, पण उशिरा, आणि ते सगळ्यांच्या लक्षात आलं.

जेवणं चालू असताना तो आपली थाळी घेऊन तिच्याशेजारी येऊन बसला. दोघांनी शेंगदाण्याच्या कुटातल्या पालेभाजीशी मक्याच्या पिठाचा न्शिमा खाल्ला.

"सोमवारी सभा घे," तो म्हणाला. "ठाण्यात सांगून ठेवतो."

"एवढी दया?"

"दया कसली? आता अडवलं तर जेरे बेंबा बाईला घाबरला म्हणून गावभर होईल." मग हात पुसत म्हणाला, "तू गेल्यापासून माझी भाषणं फार वाईट होतात."

"ऐकलीत मी," म्विला म्हणाली. "वाईटच होतात."

सोमवारी मैदान भरलं. त्यानंतर तिला कुणी अडवलं नाही आणि महिनाभराने ती थोडक्या मतांनी निवडून आली. निकालाच्या संध्याकाळी जेरे स्वतः आला, गर्दीतून वाट काढत तिच्यापाशी पोचला आणि त्याने तिचा हात धरून उंच केला.

"उद्यापासून मी विरोधात," तो तिच्या कानाशी म्हणाला. "आणि मी तुझ्याकडूनच शिकलोय, तेव्हा झोप आजच काढून घे."

म्विला इतकी हसली की काटोंगोला तिला सावरावं लागलं.