गावातला सर्वांत स्वच्छ माणूस

न्याकाटो ही चिंपांझीण आज विते की उद्या, याचा अख्ख्या गावाला घोर लागला होता, आणि नेमक्या त्याच आठवड्यात डॉक्टर बासेमेरांनी जंगलात चिंपांझींचा माग काढणाऱ्या सगळ्यांकडून तपासणीसाठी शौचाच्या डब्या मागवल्या.

नियम साधा आहे. ज्याच्या पोटात जंत, त्याला जंगलबंदी. आपले जंत चिंपांझींना लागू नयेत म्हणून. त्यांचे आपल्याला लागले तर काय, याचा नियम अजून झालेला नाही.

एरवी कुणाची हरकत नसते. बंदी म्हणजे घरी बसून केळ्याची दारू. पण आता न्याकाटोचं पोर जो पहिल्यांदा पाहील, त्यानं त्याचं नाव ठेवायचं होतं. मागच्या खेपेला हा मान कतुरामूला मिळाला. तेव्हापासून जंगलातली सर्वांत भांडकुदळ चिंपांझीण त्याच्या सासूच्या नावानं वावरते. या खेपेला बुसिंगेला आपल्या गेलेल्या आईचं नाव ठेवायचं होतं, काबासिंगुझी. बुसिंगेला मूलबाळ नाही. त्याबद्दल तो बोलत नसे. नाव मात्र दिवसातून दहादा बोलून दाखवायचा.

"अमूती, तुझ्या पोटातनं ढोल वाजतायत," कतुरामू त्याला म्हणाला. आमच्या टोरो लोकांत माणसाला वेगळ्या लाडाच्या नावानं हाक मारतात. खरं नाव घेतलं की समजायचं, भांडण आहे.

"आणि अराली, तुझ्या पोटात जंतसुद्धा राहायला तयार नाहीत," बुसिंगे म्हणाला. पण चेहरा उतरलेलाच.

मी प्रयोगशाळेत मदतनीस. डब्या मीच गोळा केल्या, पाण्यात ढवळल्या, गाळल्या, काचेवर घेतल्या. डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, अंडी दिसली, ती कुठल्या जंताची ते कळायला अळ्या बाहेर काढाव्या लागल्या. मग एका सकाळी त्या खुर्चीवरून उठल्या आणि टेबलाभोवती नाचू लागल्या.

"अबोकी! बघ! बघ ना रे!"

मी पाहिलं. अळी वळवळत होती. आम्ही तिला चिंपांझींच्या विष्ठेत वर्षानुवर्षं पाहत आलो होतो. ही डबी माणसाची होती, बुसिंगेची.

"गाठीचा जंत! चिंपांझीचा! माणसात! आपल्या जंगलात!" त्यांनी मला मिठी मारली, हातमोज्यांसकट. मग दुसरी डबी. तोच जंत. तिसरी. तोच. चौथीचं झाकण त्यांनी भिरकावूनच दिलं. तोच! फक्त कतुरामूची डबी निर्मळ निघाली, त्याच्या सासूला ही बातमी पटली नाही.

पाचवीनंतर डॉक्टरांनी सगळ्या काचा ओळीनं मांडल्या. जंत सारखा असू शकतो. पण जंतवाल्या सगळ्या डब्यांत फणसाचा तोच केशरी धागा?

"बुसिंगे!" त्या ओरडल्या. खरं नाव. अंगणातल्या कोंबड्यासुद्धा थांबल्या.

बुसिंगे आला आणि मान खाली घालून उभा राहिला. "अकीकी, मला पास व्हायचं होतं. म्हणून गावातल्या सर्वांत स्वच्छ माणसाकडे गेलो."

"कोणाकडे?"

"एरिसा मास्तरांकडे."

एरिसा मास्तर आमच्या चर्चमध्ये प्रार्थना सांगतात. दारू नाही, पाणी उकळून, हात साबणानं, तेही दोनदा. बुसिंगे त्यांच्याकडे जाऊन म्हणाला होता, "मास्तर, तुमची स्वच्छता थोडी उसनी द्या." मग बाकीच्यांनाही तेच सुचलं. मास्तरांनी कुणाला रिकाम्या हातानं परत पाठवलं नाही.

डॉक्टर धावतच मास्तरांच्या घरी. मागे मी, मागे अर्धं गाव.

"मास्तर, तुम्ही खाता काय?"

"देवानं दिलेलं," मास्तर म्हणाले आणि फणसाकडे बोट दाखवलं. झाड अगदी जंगलाच्या कडेला. चिंपांझी फणस खाली पाडून फोडतात, पोटभर खातात, तिथेच बसतात, तिथेच उरकतात. उरलेला मास्तर उचलतात. "पिकलेला नेमका कुठला ते त्यांनाच कळतं हो! मी कापलेला नेहमी कच्चा निघतो."

"धुता का?"

"हात धुतो ना."

डॉक्टर इतक्या खूष झाल्या की त्यांना रागवायचं सुचेना. आठवल्यावर रागावल्या. डब्या उसन्या आणणाऱ्या सगळ्यांना जंगलबंदी. बुसिंगेला वर शिक्षा: रोज मास्तरांकडे बसून त्यांना गोळ्या द्यायच्या आणि तो फणस कुणालाही उचलू द्यायचा नाही. कतुरामू एकटा जंगलात गेला, शीळ घालत. नाव त्यानं ठरवून ठेवलं होतं: मेहुणीचं.

मी गोळ्या पोचवायला गेलो तेव्हा बुसिंगे ओट्यावर बसला होता. मास्तरांच्या बायकोनं दोघांसमोर कुंपणावरच्या कडू पाल्याचा काढा ठेवला होता. "जंत राहूच शकत नाही," ती म्हणाली. बुसिंगेनं घोट घेतला आणि डोळे मिटले. ते आईसाठी की काढ्यामुळे, सांगता येणार नाही.

"अमूती," मी कुजबुजलो, "डोळे उघड."

कुंपणाशी न्याकाटो बसली होती. तिनं कडू पाल्याची एक काडी मोडली, साल सोलली, आतला गाभा चावला आणि अगदी बुसिंगेसारखंच तोंड वाकडं केलं. तिच्या पोटाला एक ओलसर, सुरकुतलेलं, मोठाल्या कानांचं काहीतरी चिकटलं होतं. हललं!

बुसिंगेनं वाटी उलटी केली, माझा हात इतका दाबला की बोटं काळीनिळी झाली, आणि आवाज न करता रडत, हसत, ओट्यावर उड्या मारू लागला. मास्तर गुडघ्यांवर बसले. मास्तरांची बायको म्हणाली, "तिलाही वाटीभर देऊ का?"

कतुरामू संध्याकाळी परतला तेव्हा आम्ही सगळे बातमी सांगायला मास्तरांच्या फाटकाशीच उभे होतो.

"जंगलात जायला बंदी होती याला!" तो किंचाळला.

"तो कुठे गेला?" डॉक्टर म्हणाल्या. "जंगलच त्याच्याकडे आलं."

पुढे दुर्बिणीतून नीट पाहिल्यावर कळलं, पोर नर आहे. बुसिंगेनं क्षणभर विचार केला. नाव काबासिंगुझीच राहिलं.