पहिली उचल

आनंदा टोपलीपाशी बसला होता. त्याने आत हात घालून पाचवं पिल्लू बाहेर काढलं आणि चौकातल्या गोणपाटावर ठेवलं. ते थोडं कुरकुरलं आणि भावंडांच्या ढिगात डोकं खुपसून गप्प झालं. चाळीमागचा हा चौक म्हणजे तीन बाजूंना भिंती, एक नळ, पाण्याचं पिंप, वर वाळत घातलेल्या चादरी आणि त्याहून वर नव्या टॉवरने अडवलेलं आभाळ. उठताना आनंदाने गुडघ्यावर हात टेकले. अठ्ठावन्नाव्या वर्षी उकिडवं बसून कुत्र्यांची बाळंतपणं काढायची म्हणजे कंबर धरणारच.

पिंपाशेजारी खुर्ची टाकून मनूदादा बसला होता. आनंदाचा चुलतभाऊ, वयाने बारा वर्षं मोठा. सकाळी परळ डेपोत एसटीतून उतरला तो थेट इकडे आला होता. अंगावर प्रवासातलाच शर्ट होता आणि पायाजवळ पिशवी.

"पाचच?"

"पाचच."

"गेल्या खेपेक आठ होती."

"तिचं वय झालं आता, दादा."

ती म्हणजे तांबी. लांब पायांची, खोल छातीची, विटकरी रंगाची कुत्री. खोलीच्या दारात आनंदाची बायको शांता तिचा पट्टा धरून उभी होती.

गावच्या शिकारी कुत्र्यांचा हा वाण आनंदाच्या वडिलांनी मुंबईत आणला तो बिबट्यापायी. गावात कुत्री व्याली की महिन्याभरात बिबट्या पिल्लांचा फडशा पाडायचा, कधी आईचाही. गिरणी कामगारांच्या चाळीत बिबट्या कुठला यायला? तेव्हा कुत्रीने व्यायचं परळला, पिल्लांनी तीन महिन्यांची होऊन गावाला जायचं आणि मोठं झाल्यावर रानडुकराच्या मागे धावायचं, असं ठरून गेलं. डुक्कर एका रात्रीत उभं भात आडवं करतं, त्यामुळे याला कुणी हौस म्हणत नसे. पुढे बंदी आली. शिकार बंद पडली नाही, नुसती गुपचूप होऊ लागली.

कोणत्या पिल्लाने पुढे धावायचं हे आई ठरवते, अशी रीत होती. विसाव्या दिवशी पिल्लं उघड्यावर ठेवायची आणि आईला मोकळं सोडायचं. ज्याला ती पहिल्यांदा तोंडात धरून आत नेईल तो टोळीचा म्होरक्या. बाकीची त्याच्या मागची. आणि आईने जे उचललंच नाही ते गावाला न्यायचं नाही, इथेच कुणा ओळखीच्याला देऊन टाकायचं. मनूदादाने उभ्या जन्मात ही रीत मोडली नव्हती.

एकेकाळी आनंदालाही पहिल्या उचलीचा अभिमान वाटायचा. चाळीत पेढे वाटले होते त्याने एकदा. मग गावाहून फोन येऊ लागले. डुकराचा पहिला सुळा म्होरक्यालाच लागतो. तांबीच्या पहिल्या खेपेचा म्होरक्या दीड वर्षाचा होऊन गेला. दुसऱ्या खेपेची एक मादी होती, तिचं फाटलेलं पोट मनूदादाने गोणी शिवायच्या दाभणाने शिवलं आणि दोन दिवस तिला मांडीवर घेऊन बसला. तिसऱ्या खेपेपासून आनंदाने पिल्लांना नावं देणं सोडलं. त्याला या सगळ्याचा वीट आला होता. सकाळी उठून भाकरी कुस्करताना, दूध पाजताना, पिल्लांच्या पोटावरून हात फिरवताना एकच विचार यायचा, की आपण हे कशासाठी पोसतोय?

पण मनूदादाला तसं सांगणार कोण? आनंदाच्या वडिलांचं गावातलं शेवटचं आजारपण त्याने काढलं होतं. दोन वर्षं हगणंमुतणं केलं, तेव्हा पोटचा मुलगा चार दिवसांची रजा मिळाली की पाहुण्यासारखा जाऊन येत होता. अशा माणसाला नाही म्हणायला तोंड लागतं. ते आनंदाकडे नव्हतं.

म्हणून त्याने लबाडी केली. कुत्री पिल्लं उचलते ती जागा परकी किंवा धोक्याची वाटली तरच, हे वडिलांनीच शिकवलेलं. गेले आठ दिवस रोज दुपारी आनंदा तांबीला आणि पिल्लांना याच गोणपाटावर आणून बसवत होता. तिचं खाणं इथे, पाजणं इथे. चौक तिला घरासारखाच झाला होता. शांताला हे ठाऊक होतं.

"सोड गो," मनूदादा म्हणाला.

शांताने पट्टा काढला. तांबी सावकाश चालत आली. तिने पाचही पिल्लं हुंगली, गोणपाटाभोवती एक फेरी मारली आणि कुशीवर पडली. पिल्लं तिच्या पोटाला लुचली. पलीकडच्या गल्लीत कुणाच्या तरी मसाल्याच्या मिरच्या भाजत होत्या. त्या ठसक्याने मनूदादाला खोकला आला. खोकून झाल्यावरही तो बराच वेळ बघत राहिला.

"हिका काय झाला रे?"

"दमली," आनंदा म्हणाला.

"उचलूक नाय म्हणजे न्हेवचा नाय," मनूदादा हळू आवाजात म्हणाला. "काकांची रीत ती."

"होय दादा."

आनंदाला इतकं हायसं वाटलं की तो भिंतीला टेकला. मागोमाग लाजही वाटली. सत्तरीच्या माणसाला आपण फसवलं, तेही त्याच्या काकांनीच शिकवलेल्या विद्येने.

मनूदादाने खुर्चीतूनच हात पुढे केला. "ये गो तांबे."

तांबी उठली. पिल्लं गळून पडली. जवळ जाऊन तिने त्याची बोटं हुंगली, शर्टाची बाही हुंगली, मग मनगटावरचा जुना व्रण. कसला वास तिला आला कोण जाणे. तिच्या पाठीवरचे केस उभे राहिले. ती गर्रकन वळली आणि आनंदा भिंतीपासून सुटा होण्याआधी पांढऱ्या छातीच्या पिल्लाला मानेला धरून खोलीकडे निघाली.

पहिली उचल. भर दुपारी, मनूदादाच्या डोळ्यांदेखत. दारात शांताने तोंडाला पदर लावला. तांबी तिच्या पायांजवळून आत गेली आणि लगेच दुसऱ्यासाठी बाहेर आली.

आनंदाने मान वळवून मनूदादाकडे पाहिलं.

मनूदादा उठून उभा होता. गोणपाटाकडे पाठ करून त्याने पिंपातला तांब्या घेतला होता आणि तो हात धूत होता. बोटं, तळवे, कोपरापर्यंत. एक तांब्या संपला, त्याने दुसरा भरला. त्याचे खांदे आनंदाच्या वडिलांसारखेच पुढे झुकलेले होते.

"शांता," तो भिंतीकडे बघतच म्हणाला, "चाय ठेव गो. साखर जरा जास्त घाल."

"ठेवते, भावोजी."

तांबी तिसरं पिल्लू घेऊन गेली.

"आणि आनंदा," मनूदादा म्हणाला, "सगळी आत गेली की माका सांग. मगे मी वळतंय."