तक्रारीचा रकाना

आईच्या बातम्यांचा क्रम ठरलेला असतो. आधी शेजारपाजार, मग नातेवाईक, मग घरातल्या वस्तूंची दुखणी आणि सगळ्यांत शेवटी बाबा. तिथपर्यंत पोहोचायला तिला अर्धा तास लागतो, म्हणून मी फोन कानात अडकवून लाँड्रीतलं काम चालूच ठेवते. त्या दुपारी मी चादरींना नंबराच्या चिंध्या टाचत होते.

"वरच्या मजल्यावरच्या बाईंचा नवा सोफा सकाळपासून जिन्याच्या वळणात अडकलाय, आपल्या दाराच्या खालीच," आई सांगत होती. "वर जाईना, खाली येईना. सुतार बोलावलाय, तो नुसता बघत उभा आहे. आणि तुझ्या मावशीच्या सुनेनं नोकरी सोडली. कुणाला सांगणार नाही असा शब्द दिलाय मी, म्हणून फक्त तुला सांगते."

"बरं. बाबा?"

"त्यांचा अबोला चालू आहे. सकाळी चांगला चालणारा मिक्सर उघडून बसले. म्हटलं, हात लावाल तिथे माती! झालं, तेव्हापासून तोंडाला कुलूप."

मला हसू आलं. बाबा चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करत होते. दुकान बंद झालं, पण दुरुस्तीची छोटी खाकी पाकिटं अजून घरात गठ्ठ्यांनी पडून आहेत. पाकिटावर तीन रकाने छापलेले: नाव, तक्रार, परत देण्याचा वार. अबोला धरला की बाबा त्या पाकिटांवरच बोलतात. 'तक्रार: भाजीत मीठ नाही.' 'तक्रार: टॉवेल ओला.' पाकीट साखरेच्या डब्याखाली ठेवायचं आणि निघून जायचं. आई त्याचं उत्तर भिंतीला ऐकवते. सगळ्यांत लांबलेला अबोला नऊ दिवसांचा होता.

"मग आज काय लिहिलंय?"

"काहीच नाही! एवढा राग! मिक्सर तसाच टाकला आणि नऊपासून खुर्चीत बसून आहेत. चहा दिला तर कप मुद्दाम सांडला, माझ्याकडे बघत बघत. मीही काही बोलले नाही. दर वेळी मीच का आधी बोलायचं?"

माझ्या हातातली टाचणी तशीच राहिली. तिळाएवढे स्क्रू चिमट्यानं उचलणारा माणूस. त्यांच्या हातून कप सांडलेला मी जन्मात पाहिला नव्हता. आणि पाकिटाशिवाय अबोला तर आमच्या घरात कधी झालाच नव्हता.

आमच्याकडे वाफेनं भाजण्याचे प्रकार होतात, म्हणून मालक दरवर्षी सगळ्यांना प्रथमोपचार शिकायला पाठवतात. तिथल्या सिस्टरांनी घोकून घेतलेलं सगळं आता एकदम आठवलं: पक्षाघात ओळखायचा तर चेहरा, हात, बोलणं.

"आई, बाबांच्या समोर जाऊन उभी राहा."

"मी नाही जाणार. मला काय—"

"आई, जा!" शेजारच्या टेबलावरच्या बायकांनी माना वळवल्या.

"जाते बाई. उभी आहे, बोल."

"त्यांना हसायला सांग."

"रुसलेल्या माणसाला?"

"सांग!"

"अहो, ही म्हणतेय, हसा." मग मला म्हणाली, "हसतायत. पण तोंड एकीकडेच जातंय. माझी थट्टा करतायत का गं?"

"दोन्ही हात वर करायला सांग."

"डावा केला." आईचा आवाज बारीक झाला. "उजवा उचलतच नाहीयेत."

"आई, हा अबोला नाही. वरच्या बाईंना हाक मार, त्यांच्या फोनवरून अ‍ॅम्ब्युलन्स बोलव. फोन बंद करू नकोस."

पुढचं सगळं मी नुसतं ऐकलं. आईच्या हाका, जिन्यात धावणारी पावलं, वरच्या बाई पत्ता सांगतायत. एवढ्या लांबून मी काय करणार होते? चादर घट्ट धरून उभी होते. मग अनोळखी पुरुषांचे आवाज आणि त्यातला एक म्हणाला, "जिन्यातून स्ट्रेचर जाणार नाही. हा सोफा इथे कुणी ठेवलाय?"

मला ओरडावंसं वाटलं. थोड्या वेळापूर्वी त्या सोफ्याची बातमी मी नुसती 'बरं' म्हणून सोडून दिली होती.

"कापा!" वरच्या बाई ओरडल्या. "अहो सुतार, बघताय काय? कापा मधोमध!"

करवतीचा आवाज सुरू झाला. त्याच्या आडून आई बाबांशी बोलत होती. "अहो, मी हरले. मीच आधी बोलले, बघा. आता तरी बोला ना. काहीतरी बोला."

मी इस्पितळात पोहोचले तेव्हा दुसरा दिवस उजाडला होता. जिवाचा धोका टळलाय, डॉक्टर म्हणाले, पण बोलणं किती परत येईल ते आत्ता सांगता येणार नाही. सिस्टरांनी बाबांचे कपडे पिशवीत घालून आईकडे दिले. तिनं सवयीनं सदऱ्याचा खिसा चाचपला. आत एक पाकीट होतं. तक्रारीच्या रकान्यात एकच वेडीवाकडी रेघ, सुरुवातीला अक्षरासारखी, मग घसरत कागदाच्या कडेपर्यंत गेलेली.

"मला सांगत होते," आई म्हणाली. "आणि मी मिक्सरवरून फणफणत होते."

त्यानंतर ती बोलायचीच थांबली. बाबांच्या उशाशी बसायची, औषधाच्या वेळा पाहायची, विचारलं तर हो किंवा नाही. वरच्या बाई येऊन मजल्यावरच्या ताज्या बातम्या सांगून गेल्या; आईनं त्या ऐकल्या आणि पुढे कुणालाच सांगितल्या नाहीत. माझी आई! बाबांच्या गप्प राहण्याला निदान डॉक्टरांनी नाव दिलं होतं. आईच्या गप्प बसण्याची मला जास्त भीती वाटायला लागली. एका घरातली दोन माणसं एकदम गप्प झाली तर मी फोन कुणाला करायचा?

सहाव्या दिवशी मी घरून पाकिटांचा गठ्ठा आणि पेन्सिल घेऊन आले. बाबांच्या डाव्या हातात पेन्सिल दिली आणि पाकीट धरून बसले. ते लिहीत राहिले. कपाळावर घाम आला, पेन्सिल दोनदा पडली. लिहून झाल्यावर त्यांनी पाकीट माझ्याकडे सरकवलं, आईकडे नाही. अक्षरं पहिलीतल्या मुलासारखी होती.

तक्रार: ही बोलत नाही.

परत देण्याचा वार: आज.

मी पाकीट आईच्या हातात ठेवलं. तिनं चष्मा लावून वाचलं, चष्मा काढून डोळे पुसले, पुन्हा लावून वाचलं. बाबा तिच्याकडेच बघत होते. मग तिनं स्टूल खाटेला अगदी चिकटवून घेतलं आणि घसा खाकरला.

"त्या सोफ्याचं काय झालं, ठाऊक आहे का?" ती म्हणाली. "अर्धा त्यांच्याकडे आहे आणि अर्धा अजून आपल्या दारात. दोघं नवरा-बायको आता पाळीपाळीनं बसतात."