थोरल्या साहेबांची मान

थोरल्या साहेबांच्या मानेवर मिसुझुचा जुना राग होता. जपानमधल्या त्सुबामे गावात इगाराशींचा चमचे-काटे बनवण्याचा कारखाना. त्याच्या मासिकासाठी दर हिवाळ्यात बैठकीचे फोटो काढायचं काम तिच्याकडे. आणि सेइजिरो इगाराशी, म्हणजे थोरले साहेब, समोरचा बोलायला लागला की नंदीबैलासारखी मान हलवत. इतरही हलवत, नाही असं नाही. मान हलली म्हणजे 'ऐकतोय बरं का' एवढंच, 'पटलं' असं मुळीच नव्हे. पण हे गृहस्थ फोनवर बोलतानासुद्धा मान हलवायचे.

त्यात बैठकीची खोली अंधारी. मोठ्या माणसाची खुर्ची दारापासून सगळ्यात लांब, आणि या खोलीत ती खिडकीपासूनही लांब पडायची. तिथून त्यांना 'जरा इकडे सरका' म्हणायची कोणाची प्राज्ञा नव्हती. एवढ्याशा उजेडात कॅमेऱ्याची झडप जरा जास्त वेळ उघडी ठेवावी लागते, आणि तेवढ्यात मान हलली की चेहऱ्याच्या जागी नुसता धुरकट गोळा येतो. म्हणून मिसुझु आपला एकुलता एक फ्लॅश पांढऱ्या छताकडे वळवायची. उजेड छतावरून खाली सांडायचा आणि साहेबांची मान कशीबशी जागच्या जागी पकडली जायची.

यंदा ती खोलीत शिरली आणि वर बघतच राहिली. छताला काळपट लाकडी फळ्या मारलेल्या.

"हा उद्योग कोणी केला?"

"मी," धाकटे साहेब म्हणाले. हा ताकुमा, थोरल्यांचा मुलगा. कारभार आता त्याच्याच हातात. "खोली कशी उबदार दिसते की नाही?"

"दिसते. आणि माझा सगळा उजेड गिळते."

"मिसुझुताई, तुम्हाला चिडायला काहीतरी लागतंच. एरवी बाबांची मान, आज छत."

"मान आहेच अजून. ती कुठे गेलीय?"

आलेल्या मंडळींत हशा पिकला. थोरले साहेबही हसले आणि अर्थातच मान हलवली.

तिने थर्माकोलचा पांढरा तक्ता त्यांच्या बाजूच्या कपाटाला टेकवून ठेवला. बाहेर बर्फ पडलेलं होतं, खिडकीतून येणारा थोडाफार उजेड तक्त्यावर आपटून त्यांच्या गालावर येईल एवढीच आशा. सगळ्यांना तिने आपापले कागद टेबलावर पसरून ठेवायला सांगितले. पांढऱ्या कागदांनी हनुवटीखालचा अंधार थोडा कमी होतो.

बैठक कशासाठी आहे हे तिला आदल्या दिवशीच कळलं होतं, आणि तेव्हापासून तिला चैन नव्हतं. मागच्या अंगणातला पॉलिशखाना बंद करायचा होता. चमचे घासून आरशासारखे करायचं काम बाहेरच्या यंत्रवाल्यांना द्यायचं. थोरल्या साहेबांनी धंदा सुरू केला तो त्याच खोलीत, घासायच्या एका चाकावर. मिसुझुची आई केस पांढरे होईपर्यंत तिथेच चमचे घासत उभी राहिली होती. पण फोटोवालीचं मत कोण विचारतो?

ताकुमा बोलायला लागला. मिसुझुने फ्लॅश सरळ तोंडावर मारला, कारण छत आता काही कामाचं नव्हतं. एकदा मारला, दोनदा मारला. माणसं दचकली, ताकुमाचं वाक्य अर्ध्यावर तुटलं.

"ताई, पुरे हो आता तो फ्लॅश!"

मग तिने कोपरं कपाटावर टेकली, श्वास रोखला आणि आहे त्या उजेडात सावकाश फोटो घ्यायला लागली.

"तर उन्हाळ्याच्या आत पॉलिशखाना बंद," ताकुमा म्हणाला. "सगळ्यांना मान्य?"

टेबलाभोवतीच्या माना डोलल्या. हिशेब बघणाऱ्या होन्मांची तर निखळून पडेल असं वाटलं. मिसुझुने बटण दाबलं.

"बाबा, तुमचं काय?"

"तुम्ही बघा. तुम्हाला योग्य वाटेल ते करा," थोरले साहेब म्हणाले आणि उठून बाहेर गेले.

बाकीचे चहाकडे वळले. ताकुमाला फोटो लगेच हवा होता. निर्णयाच्या बातमीसोबत तो आजच छापायला जाणार होता. मिसुझुने कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो पाहिले. फ्लॅशचा एक चांगला आला होता. सगळे चेहरे स्वच्छ, सगळे कसे एकमताचे वाटावेत असे. शेवटचा मात्र पार बिघडलेला, एकूणएक डोकी धुरकट. फक्त कोपऱ्यातले थोरले साहेब लख्ख. भुवईचा केस न् केस मोजून घ्यावा इतके लख्ख.

आली एकदाची मान ताब्यात, असं वाटून तिला आधी आनंदच झाला. मग लक्षात आलं, मान तिने पकडली नव्हती, ती हललीच नव्हती.

फ्लॅशचा फोटो देऊन घरी जाता आलं असतं. पुढच्या वर्षीचं काम ताकुमाच्याच मर्जीवर होतं, आणि त्याच्या खिशातला मोबाइलही फोटो काढत होताच. तिने शेवटचा फोटो उघडून कॅमेरा त्याच्यापुढे धरला.

"हा काय, बिघडलाय," ताकुमा म्हणाला. "नुसते बाबाच नीट आलेत."

"हो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा."

तो हसला. "म्हणजे तुमचा नवस फळला म्हणायचा!" मग त्याने कॅमेरा स्वतःच्या हातात घेतला. बाबांचा चेहरा मोठा करून पाहिला. "मी काय बोलत होतो तेव्हा?"

"मान्य आहे का, असं विचारलंत तेव्हाचा आहे."

चहा तसाच टाकून तो अंगणात उतरला. मिसुझुही मागोमाग गेली, कॅमेरा त्याच्याकडेच राहिला होता ना! थोरले साहेब पॉलिशखान्यात बंद चाकाजवळच्या स्टुलावर बसले होते.

"बाबा, हे बघा."

म्हाताऱ्याने चष्मा वर सरकवला. "अरे वा! मिसुझु, आता तरी शिव्या घालू नकोस."

"बाबा, मान का नाही हलवली?"

"हलली नाही का?" त्यांनी पुन्हा फोटोकडे पाहिलं. "मला कळलंच नाही बघ."

"मग खरं सांगा. तुम्हाला काय वाटतं?"

थोरल्या साहेबांनी चष्मा खाली घेतला. मग त्यांनी चाकावर हात ठेवला. "बंद करू नकोस रे," ते म्हणाले. एवढं एक वाक्य बाहेर पडलं आणि पुढची आपोआप येत गेली. मुलगा एक पेटी ओढून त्यांच्यासमोर बसला आणि ऐकत राहिला. ताकुमाने खाली ठेवलेला कॅमेरा मिसुझुने हळूच उचलला. फ्लॅश वर बैठकीच्या खोलीतच राहिला होता, आणि तिला तो नकोच होता.

त्या अंकात बंदची बातमी आली नाही. पहिल्या पानावर पॉलिशखान्यातला फोटो होता. चाक, स्टूल, थर्मासची किटली सगळं स्वच्छ दिसत होतं, आणि बाप-लेकांच्या चेहऱ्यांच्या जागी दोन धुरकट गोळे होते. मिसुझुने तो तसाच छापायला दिला होता.